पहाटे छातीवर कोण बसतं, आणि आजीचा आवाज कुठून येतो

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी २४ वर्षांची. गाव संगमेश्वरकडे, तीन वर्षं झाली पुण्यात कस्टमर सपोर्टला आहे. पंधरा दिवस दिवसाची शिफ्ट, पंधरा दिवस रात्रीची. श्रावणात माझी आजी गेली. तिनेच मला वाढवलं आणि शेवटच्या दिवशी मी पोचू शकले नाही. नवरात्रात रूममेटने लुसिड ड्रीमिंगचे व्हिडिओ दाखवले, स्वप्नात आपण जागे असतो, हव्या त्या माणसाला भेटता येतं म्हणे. म्हणून डे शिफ्ट असेल तेव्हा पहाटे साडेचारचा अलार्म लावायचा, अर्धा तास जागं राहायचं आणि परत झोपायचं असं सुरू केलं. आजी काही भेटली नाही पण पाच वेळा भयंकर झालं. जाग येते, खोली दिसते, फॅन फिरताना दिसतो, पण बोटसुद्धा हलत नाही. दारात कोणीतरी उभं असतं, मग ते छातीवर येऊन बसतं, श्वास कोंडतो. एकदा आजीने कानाशी हाक मारली, तिच्याच आवाजात. आई म्हणते आजीचा जीव अडकलाय, घरी ये, गाऱ्हाणं घालू. शेजारची काकू म्हणते मुंजा आहे, भगताकडे न्या. रूममेट म्हणते अजून जोरात ट्राय कर, ऑनलाइन एक गोळी मिळते. आमच्या घरातच झोपेचं काहीतरी असेल, बाबापण वर्षभर झोपेत ओरडतात, लाथा मारतात, गणपतीत स्वप्नात कुत्र्याला हाकलताना खाटेवरून खाली पडले. आता मला झोपायचीच भीती वाटते. मी वेडी होतेय का? आणि ती हाक आजीचीच होती का? पाचही तारखा सोबत लिहिल्यात. दिवाळीत नऊ दिवस घरी आजीच्याच खोलीत झोपले, तेव्हा काही झालं नाही.
— जागी, पुणे"

जागी, तू वेडी होत नाहीयेस. बाकी सगळं नंतर, हे आधी, कारण तुझं पत्र वाचताना मला दिसत होतं की छातीवर बसणाऱ्यापेक्षा ह्या प्रश्नाने तुला जास्त दाबून ठेवलंय.

तुला जे होतंय त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. २०११ मध्ये ३५ अभ्यासांतली मिळून ३६ हजारांवर माणसांची माहिती एकत्र केली गेली तेव्हा निघालं की साधारण शंभरातल्या आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे होतं, आणि विद्यार्थ्यांमध्ये तर शंभरातल्या अठ्ठावीस जणांना, कारण सरळ आहे, त्यांच्या झोपेचे हाल असतात. त्यात मीही आले. एम.ए.च्या परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलवर दुपारी झोपले होते, डोळे उघडले तर पायाशी एक बाई उभी, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडतेय पण तोंडातून हूं की चूं निघत नाही. दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही मी. तू दोन महिन्यांत लिहिलंस, तारखांसकट लिहिलंस, हे फार चांगलं केलंस, कारण खरं उत्तर त्या तारखांमध्येच आहे.

मी त्या कॅलेंडरवर मांडून बघितल्या. पाचातल्या चार वेळा तू डे शिफ्टला होतीस, अलार्म लावला होतास आणि प्रकार घडला तो साडेपाच ते साडेसहाच्या मधे, म्हणजे तू परत झोपल्यावर दीड तासाच्या आत. पाचवा एकच वेगळा, रविवारचा, पण त्या दिवशी तू नाइट संपवून सकाळभर जागी राहिलीस आणि दुपारी दोनला पाठ टेकलीस. आणि दिवाळीत घरी होतीस, अलार्म नाही, शिफ्ट नाही, तेव्हा नऊच्या नऊ रात्री शांत. आजीच्याच खोलीत, बहुतेक आजीच्याच गोधडीत. आजीला तुला त्रासच द्यायचा असता तर तिथे दिला नसता का, हे आईशी बोलताना तुला उपयोगी पडेल.

आता आत काय घडतं ते सांगते. १९५१ सालची गोष्ट, शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली काम करत होता, त्याने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून रात्रभर मशीन चालू ठेवलं आणि बघितलं तर गाढ झोपलेल्या पोराचे डोळे मधेच पापण्यांखाली झरझर फिरायला लागले. तोपर्यंत समज असा की झोप म्हणजे मेंदू विझलेला. त्या अवस्थेला मग रेम (रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे डोळे झरझर फिरतात ती) झोप म्हणायला लागले, आणि त्या वेळी उठवलं तर बहुतेक माणसं स्वप्न सांगतात हेही दिसलं. रात्रीत साधारण दर नव्वद मिनिटांनी ही रेम येते, सुरुवातीला दहाएक मिनिटं आणि पहाटेकडे जाता जाता लांबत लांबत अर्ध्या तासाच्या वर. म्हणजे स्वप्नांचा खरा हंगाम पहाटेचा. हे लक्षात ठेव, शेवटी लागणार आहे.

पुढे फ्रान्समध्ये लिआँ शहरात मिशेल जुव्हे यांनी दाखवलं की ह्या अवस्थेत मेंदू जागेपणीइतकाच कामात असतो पण मानेपासून खाली शरीर पार ढिलं पडतं. हे आपोआप होत नाही, मेंदू ते मुद्दाम करतो. मेंदूच्या देठात पॉन्स म्हणून भाग आहे, तिथून मज्जारज्जूत निरोप जातो आणि तिथे ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं स्नायू हलवणाऱ्या पेशींना गप्प करतात, नाहीतर आपण स्वप्नात धावलो की खरंच उठून धावलो असतो. सुटतात ते मुख्यतः डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा. तुला खोली दिसते, फॅन दिसतो, आणि श्वास चालूच राहतो, तो ह्यामुळे.

आता तुझ्या पहाटेकडे बघ. साडेचारला, म्हणजे ऐन रेमच्या हंगामात, तू झोप तोडतेस. मेंदूचं रेमचं देणं बाकी राहतं. अर्ध्या तासाने परत पडलीस की तो नेहमीच्या पायऱ्या उतरत बसत नाही, थेट रेममध्ये उडी मारतो, आणि तू तर व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे "जागं राहायचं, जागं राहायचं" म्हणत पडलेली. मग जाणीव जागी आणि शरीराचं कुलूप लागलेलं, स्वप्नाचं मशीनही चालू, असं तिन्हीचं एकत्र होतं. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी लॅबमध्ये नेमकं हेच केलं होतं, लोकांना रात्री उठवायचं, काही वेळ जागं ठेवायचं, परत झोपू द्यायचं, आणि त्यातल्या काही जणांना मशीन लावलेलं असताना स्लीप पॅरालिसिस झाला. म्हणजे तुझ्या व्हिडिओवाल्याने जो उपाय सांगितला तो आणि हे घडवून आणायचा प्रयोगशाळेतला मार्ग, दोन्ही जवळपास एकच आहेत गं. हे त्याने व्हिडिओत सांगायला हवं होतं, ह्याचा मला खरंच राग आला.

छातीवरचं ओझं कुठून येतं? रेममध्ये श्वास उथळ आणि वेडावाकडा असतो, बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात, एकटा पडदा काम करत असतो. झोपेत ते कळत नाही. पण तू जागी आहेस, घाबरलेली आहेस, तुला खोल श्वास घ्यायचाय आणि ती छाती काही तुझं ऐकत नाही. हवा आत जातेय, पण तुझ्या हुकमाने जात नाही, आणि ते मेंदूला "कोणीतरी दाबतंय" असंच वाटतं. काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा खेळ असतो. ह्याने श्वास बंद पडत नाही, जीवही जात नाही.

आणि दारातलं माणूस. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका २२ वर्षांच्या मुलीची फिट्सच्या ऑपरेशनआधीची तपासणी करताना तिच्या मेंदूत डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर-मागे, टेम्पोरल आणि परायटल भाग जिथे जुळतात तिथे हलकासा करंट दिला. ती म्हणाली, माझ्या मागे कोणीतरी आहे. ती आडवी होती तर ते आडवं होतं, तिला बसून गुडघ्यांना मिठी मारायला सांगितलं तर म्हणाली ते पण बसलंय आणि त्याने मला धरलंय, आवडत नाहीये मला. करंट बंद की ते माणूस गायब. मेंदूचा हा भाग "मी इथे आहे, हे माझं शरीर" असा हिशोब सतत ठेवत असतो. तो हिशोब चुकला की आपलीच सावली दुसऱ्या कोणाची म्हणून समोर उभी राहते. त्यात रेममध्ये भीतीचं केंद्र, अमिग्डाला, जोरात चालू असतं, म्हणून समोर जे येतं ते ओळखीचं, गोड माणूस न होता दारात उभं राहून बघणारं काहीतरी होतं.

म्हणूनच जगात सगळीकडे हे एकसारखं आहे. जपानात ह्याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांमध्ये म्हातारी छातीवर बसते, आपल्याकडे मुंजा. तुझ्या शेजारच्या काकूला मी चुकीची म्हणणार नाही पूर्णपणे. तिच्या आईला, आज्जीला हे झालेलं असणार आणि त्यांनी त्याला हाताशी असलेलं नाव दिलं. अनुभव त्यांचा शंभर टक्के खरा होता, नाव तेवढं बदलायचं आहे. पण नावाने फरक पडतो हेही खरं. बलांद जलाल म्हणून संशोधक आहेत, त्यांनी इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली. इजिप्तमध्ये बऱ्याच जणांना हे जिनचं काम वाटतं, आणि तिथे लोकांना हे जास्त वेळा होत होतं, जास्त वेळ टिकत होतं आणि मरणाची भीतीही जास्त वाटत होती. भीतीने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने परत तेच होतं, मग भीती वाढते. म्हणून आईला फोनवर प्रेमाने सांग की रोज रात्री "आज आलं का गं काही" असं विचारू नकोस, त्याऐवजी जेवलीस का ते विचार.

आता हाकेबद्दल. इथे मला घाई करायची नाहीये.

वेल्समध्ये ड्यूई रीस नावाचे एक साधे गावातले डॉक्टर होते. त्यांनी जोडीदार गेलेल्या २९३ बायका-पुरुषांशी स्वतः बोलून १९७१ मध्ये लिहिलं की त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं जाणवलं होतं, काहींना दिसलं, काहींना आवाज आला, आणि बहुतेकांनी ते आधी कोणालाही, अगदी डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. हे लोक वेडे नव्हते. उलट बऱ्याच जणांना त्याने आधार वाटला. आणि हे तर दिवसाढवळ्या जागेपणी. तू तर झोप आणि जागेपणाच्या उंबरठ्यावर होतीस, तिथे आवाज ऐकू येणं फार कॉमन आहे, दाराची बेल, आपलं नाव, फोनची रिंग.

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगते. मला असं वाटत नाही की आवाज बाहेरून आला. तो तुझ्या मेंदूने केला. पण कशातून केला बघ ना. ज्या बाईने तुला दिवसातून वीसदा हाक मारली, अंगणातून, चुलीपाशून, तापात उशाशी बसून, तिचा आवाज, तिचा हेल, तुझं नाव उच्चारायची तिची पद्धत हे सगळं तुझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कानात काही न जाता मेंदू ते हुबेहूब उभं करू शकतो. ती हाक आजीपासूनच आलेली आहे, फक्त आत्ता नाही, गेल्या चोवीस वर्षांत. मला हे कमी वाटत नाही. आणि शेवटच्या दिवशी न पोचल्याचं जे आहे, त्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस आणि लगेच रूममेटवर गेलीस. माझ्या मते साडेचारचा अलार्म तिथूनच वाजतोय. ते कोणाशी तरी बोल, आईशी बोल, ती पण तेच घेऊन बसलीय बहुतेक, म्हणून तर तिला आजीचा जीव अडकल्यासारखा वाटतोय. आईशी नाहीच जमलं तर मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

लुसिड ड्रीमिंग खोटं आहे का? नाही, खरं आहे. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एका माणसाशी ठरवलं की स्वप्नात आहेस हे कळलं की डोळे डावीउजवीकडे फिरव, कारण सगळं शरीर बंद असलं तरी डोळे चालू असतात, आणि त्याने झोपेतून खरंच तो इशारा दिला. नंतर स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी हे आणखी पक्कं केलं. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या टीम्सनी मिळून दाखवलं की स्वप्नात असलेल्या माणसाला साधं गणित घातलं, आठातून सहा गेले किती, तर तो डोळ्यांनी दोन असं उत्तर देतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण हे लोक रोज नऊ तास हेडसेट लावून लोकांच्या तक्रारी ऐकून येऊन, दर पंधरा दिवसांनी झोपेची वेळ उलटी करून, वर पहाटेची झोप तोडून हे करत नव्हते. तुझ्याकडे झोपेची शिल्लकच नाहीये गं, तू उधारीवर खेळतेयस. आणि ती गोळी तर अजिबात नको. त्यासाठी ऑनलाइन जे विकतात ते बऱ्याचदा स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना देतात ते गॅलँटमिन असतं, डॉक्टरशिवाय ते घ्यायचं काही कारणच नाही, तिला स्पष्ट नाही सांग.

तर आजपासून अलार्म बंद. ह्या एका गोष्टीने निम्म्याहून जास्त फरक पडेल अशी माझी खात्री आहे. उताणी झोपू नकोस, उताण्या झोपेत हे जास्त होतं, पाठीला उशी लावून कुशीवर झोप. नाइट संपली की सकाळभर मोबाइल बघत जागं राहायचं आणि दुपारी कोसळायचं हे बंद कर, घरी आलीस की खिडकीला जाड चादर लाव आणि थेट झोप. शिफ्टच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा-कॉफी नको. टीम लीडरला विचारून बघ, पंधरा दिवसांऐवजी महिनाभर एकच शिफ्ट मिळते का, जितक्या वेळा वेळ उलटवशील तितक्या वेळा शरीर गोंधळेल. लगेच हो म्हणतील असं नाही, पण विचार.

आणि तरी एखाद्या दिवशी झालंच तर. झटापट करू नको, सगळं अंग हलवायचा प्रयत्न केलास की न हलल्याची भीती आणखी वाढते. जलाल यांनी ह्यावर एक पद्धत सांगितलीय, मी ती माझ्याकडे येणाऱ्यांना आपल्या भाषेत अशी सांगते: डोळे मीट, मनात म्हण "हे रेम आहे, मिनिटात जाईल", दाराकडे लक्ष देऊ नको, आणि आतल्या आत एका आवडत्या गोष्टीवर मन लाव, आजीने शिकवलेला एखादा श्लोक असेल, तिचे हात असतील, तिच्या पोतडीचा वास असेल, आणि अंग ढिलं सोड, श्वास जसा येतो तसा येऊ दे. रोज रात्री झोपायच्या आधी दोन मिनिटं ह्याची प्रॅक्टिस कर म्हणजे त्या वेळी आठवेल.

डॉक्टरकडे कधी जायचं? तीन-चार आठवडे नीट झोपूनही हे चालू राहिलं तर. किंवा दिवसा काम करता करता न आवरणारी झोप येत असेल, खूप हसल्यावर गुडघे लटपटतात किंवा मान पडते असं होत असेल तर लगेच, थांबायचं नाही. तो नार्कोलेप्सी असू शकतो, त्यात मेंदूतल्या ओरेक्सिन हे जागं ठेवणारं रसायन बनवणाऱ्या पेशीच नाहीशा होतात आणि जागेपण व रेममधली भिंत पातळ होते. तुझ्या पत्रात त्यातलं काही दिसत नाही, पण विचारून घेणं माझं काम.

गाऱ्हाणं घालायचं की नाही? घाला. आईला बरं वाटेल, देवासमोर उभं राहून आजीचं नाव घेतलं जाईल, तुम्ही दोघी एकत्र रडाल, ह्यात मला वाईट काही दिसत नाही. नारळ दे, पाया पड. पण भगताकडे नाही. भूत काढायच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं, औषधोपचारापासून अडवणं हे सगळं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकरांनी अठरा वर्षं घालवली, त्यांचा खूनही झाला. काकूने जास्तच धरलं तर हे तिला सांग, आदराने सांग पण सांग.

आता बाबा. जागी, तुझ्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते ह्या एका ओळीने, जी तू जाता जाता लिहिलीस. तुला वाटतंय तुमच्या दोघांचं एकच आहे. नाहीये, बरोबर उलटं आहे. तुझं कुलूप जाग आल्यावरही उघडत नाही, बाबांचं कुलूप स्वप्नात लागतच नाही असं दिसतंय. जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला तो कुलूप लावणारा भाग निकामी केला तेव्हा ती मांजरं झोपेतच उठून, पाठ वाकवून, नसलेल्या उंदरांवर झडप घालायला लागली होती. माणसांत हेच होतं असं १९८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी दाखवलं, त्याला रेम बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात, आणि तो जास्त करून पन्नाशीपुढच्या पुरुषांत दिसतो. कुत्रा मागे लागलाय, कोणीतरी मारायला आलंय, आणि माणूस खाटेवर खरोखर लाथा मारतोय. तू लिहिलंस तसंच.

हे महत्त्वाचं का, तर अशा बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा एखादा आजार होतो. बाबांना तो आहे किंवा होणारच असं मी अजिबात म्हणत नाहीये. कधी कधी डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी असं होतं, कधी घोरण्यातून श्वास अडकतो आणि माणूस हातपाय झाडतो, ते बाहेरून सेमच दिसतं. म्हणून तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं, रत्नागिरीत नाही तर कोल्हापूरला किंवा तुझ्याकडे पुण्यात, आणि ते रात्रभराची झोपेची तपासणी सांगतील. जाताना आईला मोबाइलवर एखाद्या रात्रीचा व्हिडिओ काढायला सांग, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. वास कमी येतोय का, बद्धकोष्ठ आहे का, हात थरथरतो का, हेही विचारून ठेव. तोपर्यंत बाबांची गादी खाली जमिनीवर घाला, कोयता, काठी, काचेचा कंदील असलं काही हाताशी नको, आणि आईने काही दिवस वेगळ्या अंथरुणावर झोपावं, ह्यात लाजण्यासारखं काही नाही. झोपेत हात लागला म्हणून बाबांना कोणी बोलू नका, त्यांना ते कळतही नसतं.

हे ह्या आठवड्यात कर. तुझं झोपेचं महिनाभर बघता येईल, बाबांचं लांबवू नको.

आणि आजीला भेटायचं राहिलं. त्यासाठी अलार्म लागत नाही. हार्वर्डमध्ये डीअर्ड्री बॅरेट यांनी विद्यार्थ्यांना आठवडाभर रोज रात्री झोपताना एकच गोष्ट मनात घोळवायला सांगितली होती, आणि साधारण निम्म्या मुलांना त्या गोष्टीबद्दलचं स्वप्न पडलं. अंथरुणावर पडलीस की आजीचा फोटो बघ, तिला जे सांगायचं राहिलं ते मनात म्हण, आणि झोप. सुट्टीच्या दिवशी आपोआप जाग येईपर्यंत झोप. मी वर म्हणाले होते ना, पहाटेची रेम सगळ्यात लांब असते, तू ती साडेचारला तोडत होतीस, म्हणजे आजी यायची जी वेळ त्याच वेळेला तू उठून बसत होतीस. जाग आली की लगेच हलू नको, फोन घेऊ नको, तसंच डोळे मिटून पड आणि आत्ता काय होतं ते आठव, मग उशाशी वही ठेव त्यात चार शब्द लिही. रेममध्ये मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन जवळपास बंद असतं, म्हणून स्वप्न मनात टिकत नाही, पाच मिनिटांत उडतं. कदाचित आजी आत्ताही येऊन जात असेल आणि तुला आठवत नसेल.

ती येईल तेव्हा बहुतेक काही मोठं बोलणार नाही. माझी आई गेल्यानंतर चार महिन्यांनी स्वप्नात आली आणि म्हणाली, डाळीत मीठ कमी आहे. मी उठून दोन तास रडले आणि त्या दिवसापासून मला बरं वाटायला लागलं.

बाबांची अपॉइंटमेंट मिळाली की दोन ओळी टाक मला, आणि आजी आली तर ती काय म्हणाली तेही लिही.

— ताई